तक्ते गेले, प्रश्न राहिले : वैयक्तिक संगणकावरील डेटाबेस आणि त्यांतील क्वेरींचे स्थलांतर

ग्रंथालये, कोशमंडळे, संशोधनसंस्था आणि विद्यापीठांतील भाषाविभाग यांच्या संगणकीकरणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा नोंदींच्या संख्येत सांगितला जातो. किती कार्डे संगणकावर चढली, किती हस्तलिखितांची सूची पूर्ण झाली, किती दुर्मीळ पुस्तकांच्या नोंदी तपासून झाल्या, याचे आकडे अहवालांतून सापडतात. त्या नोंदींना अभ्यासकांनी कोणते प्रश्न विचारले, ते कोणत्या शब्दांत विचारले आणि त्यांची उत्तरे कोणत्या गृहीतकांवर आधारलेली होती, याची दखल मात्र सहसा कोणी घेत नाही. वास्तविक प्रबंधांत आणि सूचींच्या प्रस्तावनांत छापले जाणारे आकडे हे नोंदींतून आपोआप निघत नाहीत. ते प्रश्नांतून निघतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या प्रणालीत हे प्रश्न ‘क्वेरी’ या नावाने जतन करून ठेवता येतात. डेटाबेस एका प्रणालीतून दुसरीत नेताना या जतन केलेल्या क्वेरींचे काय होते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या तांत्रिक वाटणाऱ्या प्रदेशात शिरण्याचे कारण एवढेच की, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत आणि एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जाताना मजकुराचे काय होते, हा आपल्या पाठचिकित्सेचा जुनाच विषय आहे.

जतन केलेल्या प्रश्नाची कल्पना कोठून आली हे प्रथम थोडक्यात पाहिले पाहिजे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटाबेसचे ‘रिलेशनल’ प्रतिमान मांडले. माहिती तक्त्यांत ठेवावी आणि ती कशी शोधायची हे न सांगता काय हवे एवढेच सांगावे, हा त्याचा गाभा. त्यावर आधारलेली ‘सीक्वेल’ ही भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये पुढे आणली. तीच पुढे एसक्यूएल झाली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. १९७०च्याच दशकात आयबीएममध्येच मोशे झ्लूफ यांनी वेगळी वाट काढली. भाषा न शिकलेल्या माणसाने कोरा तक्ता समोर घ्यावा, हव्या त्या रकान्यात नमुना भरावा आणि यंत्राने त्यावरून प्रश्न ओळखावा, अशी ती योजना होती. वैयक्तिक संगणकावर ही योजना पॅराडॉक्स या प्रणालीने १९८०च्या दशकात आणली आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आलेल्या ॲक्सेसने ती घरोघर नेली.

आपल्याकडे त्याआधी डीबेस आणि फॉक्सप्रो यांचे राज्य होते. तेथे प्रश्न हा स्वतंत्र मजकूर म्हणून आज्ञावलीच्या फाइलीत लिहिला जाई. तो कागदावर छापता येई, त्यात टिपा घालता येत. ग्रंथालयांत युनेस्कोची सीडीएस/आयसिस ही प्रणाली होती. तिची लहान संगणकांवरील आवृत्ती १९८५ मध्ये निघाली आणि भारतात ‘निसॅट’ या शासकीय यंत्रणेमार्फत ती ग्रंथालयांपर्यंत पोचली. आयसिसमधील नोंदी आयएसओ २७०९ या ठरीव साच्यात बाहेर काढता येत, म्हणून त्या पुढे इतर प्रणालींत गेल्या. सूचीचे रूप ठरवणारे जे मुद्रणाचे आराखडे ग्रंथपालांनी कष्टाने लिहिले होते, त्यांना मात्र असा सामाईक साचा नव्हता. ॲक्सेसमधील क्वेरींच्या वाट्याला पुढे जे आले त्याची ही पूर्वसूचनाच म्हणता येईल.

ॲक्सेसमध्ये क्वेरी कशी राहते हे समजून घेणे येथे आवश्यक आहे. वापरणारा मनुष्य आडव्या-उभ्या चौकटीत रकाने निवडतो, अटी लिहितो, क्रम लावतो आणि क्वेरीला नाव देऊन ती जतन करतो. पडद्यावर तिचे एसक्यूएल रूप पाहता येते; परंतु फाइलीच्या आत ती सलग वाक्य म्हणून राहत नाही. एका लपवलेल्या व्यवस्था-तक्त्यात तिचे तुकडे होऊन राहतात: एका ओळीत रकान्याचे नाव, दुसरीत तक्ता, तिसरीत जोड, चौथीत अट. आपण एसक्यूएल पाहायला मागितले की या तुकड्यांतून वाक्य पुन्हा जुळवले जाते. म्हणून लिहिणाऱ्याने केलेली ओळींची मांडणी टिकत नसे, आणि ॲक्सेसच्या एसक्यूएलमध्ये टीप लिहिण्याची सोय मुळात नव्हती. क्वेरीच्या गुणधर्मांत ‘वर्णन’ असा एक रकाना असतो, पण तो भरण्याची सवय फार थोड्यांना. परिणामी प्रश्न राहतो आणि तो तसा का विचारला हे सांगणारे काहीच राहत नाही.

हे ‘का’ किती महत्त्वाचे असते, ते मराठी ग्रंथसूचीचे उदाहरण घेऊन पाहू. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली, तेव्हा वर्गीकरणाचा निर्णय कागदावर, वाचकाच्या डोळ्यांसमोर होता. तोच व्यवहार डेटाबेसमध्ये गेला की निर्णय दोन ठिकाणी विभागला जातो: काही नोंदीत, काही क्वेरीत. समजा, एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबऱ्या किती, असा प्रश्न अभ्यासक विचारतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ची. मुखपृष्ठांवर आणि जुन्या याद्यांत या प्रकारच्या पुस्तकांना कोठे ‘कादंबरी’, कोठे ‘गोष्ट’, कोठे ‘कल्पित कथा’ अशी निरनिराळी नावे आढळतात. सूचीकाराने नोंदीत पुस्तकावरचा शब्द जसाच्या तसा ठेवला असेल, आणि तसेच करणे योग्य, तर त्यांपैकी कोणते शब्द ‘कादंबरी’ या सदरात धरायचे, भाषांतरे वगळायची की घ्यायची, पुनर्मुद्रणे मोजायची की नाही, हे सारे क्वेरीतील अटींच्या रकान्यात बसते. कादंबरीची व्याख्या त्या रकान्यात केलेली असते. नोंदींचा तक्ता दुसऱ्या प्रणालीत गेला आणि ती क्वेरी मागे राहिली, तर पुस्तके गेली आणि व्याख्या राहिली असे होते. प्रबंधात छापलेला आकडा मात्र तसाच राहतो. तो आता कोणाला पडताळून पाहता येत नाही.

आणखी एक गोष्ट. जुन्या मराठी पुस्तकांवर प्रकाशनवर्ष पुष्कळदा शकात दिलेले असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. वर्षअखेरच्या, म्हणजे साधारणतः पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. तक्त्यात शक नोंदवायचा आणि इसवी सन क्वेरीतील हिशेबाच्या रकान्यातून काढायचा, ही शिस्तशीर पद्धत होय, कारण मूळ नोंद अबाधित राहते. पण मग ‘इसवी सन’ नावाचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. तो क्वेरी उघडल्यावर तेवढ्यापुरता दिसतो. रोज तीच क्वेरी पाहणाऱ्याला तो तक्त्याचाच भाग वाटू लागतो. स्थलांतराच्या दिवशी तक्ते उचलले जातात आणि नव्या प्रणालीत इसवी सन नाहीसा होतो. ज्याने अधिक शिस्तीने काम केले त्याचेच अधिक हरवते, ही यातील विचित्र गोष्ट.

स्थलांतराची गरज का पडली, याची कारणे सर्वश्रुत आहेत. ॲक्सेसच्या एका फाइलीची मर्यादा २ गिगाबाइटची. अनेकांनी एकाच वेळी जाळ्यावरून काम केले की ती बिघडण्याचा धोका. आणि महाजालावर सूची खुली करायची तर सर्व्हरवरची प्रणाली हवी. म्हणून एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल किंवा बर्कली येथील संशोधनातून निघालेली पोस्टग्रेसक्यूएल यांच्याकडे संस्था वळल्या. मायक्रोसॉफ्टने ॲक्सेसमध्येच ‘अपसायझिंग विझार्ड’ नावाचा साहाय्यक दिला होता. तो तक्ते एसक्यूएल सर्व्हरवर नेई. आणि ॲक्सेस २००० बरोबर आलेल्या ‘प्रोजेक्ट’ या नव्या रचनेत गेल्यास क्वेरींचेही रूपांतर करून पाही. साध्या क्वेरी रूपांतरित होत. नमुनेदार अडचणीच्या क्वेरी गळत आणि अहवालात तशी नोंद येई. ही प्रोजेक्टची रचना आणि हा साहाय्यक, दोन्ही २०१३च्या आवृत्तीत काढून टाकण्यात आले. त्यानंतरच्या स्वतंत्र स्थलांतर-साहाय्यकाचा भरही तक्त्यांवर आणि साध्या निवड-क्वेरींवरच राहिला.

क्वेरी गळली तर निदान कळते. खरा धोका जी क्वेरी बिनतक्रार चालते आणि वेगळे उत्तर देते तिच्यात आहे. ॲक्सेसच्या एसक्यूएलची बोली निराळी आहे, आणि बोलीभेद ओळखण्यास साहित्याच्या विद्यार्थ्याला वेळ लागू नये. ‘पु’पासून सुरू होणारी नावे हवी असतील तर ॲक्सेसच्या नेहमीच्या रीतीत पुढे तारांकन लिहितात, प्रमाण एसक्यूएलमध्ये त्या जागी टक्केचिन्ह येते. तारांकन असलेली अट सर्व्हरवर तशीच गेली तर ती चुकीची ठरत नाही. सर्व्हर प्रामाणिकपणे ‘पु’ आणि त्यापुढे खरोखरचे तारांकन असलेले नाव शोधतो, आणि असे नाव नसल्याने उत्तर शून्य येते. (२००२च्या आवृत्तीपासून ॲक्सेसमध्येही प्रमाण रीत निवडता येते, म्हणजे एकच क्वेरी एकाच फाइलीत त्या निवडीनुसार दोन उत्तरे देऊ शकते.) ‘होय/नाही’ या रकान्यात ॲक्सेस ‘होय’ला उणे १ मानते, एसक्यूएल सर्व्हर अधिक १, उणे १ शोधणाऱ्या अटीला तेथे काहीच सापडत नाही. पूर्णांकांच्या रकान्यात ५ भागिले २ हे ॲक्सेसमध्ये अडीच, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये दोन, मायएसक्यूएलमध्ये पुन्हा अडीच. अडीचला पूर्णांक करायला सांगितले तर ॲक्सेस जवळच्या सम संख्येकडे, म्हणजे दोनकडे जाते. एसक्यूएल सर्व्हर तीन सांगतो. दशकवार सरासरी काढणाऱ्या अभ्यासकाच्या कोष्टकात हे फरक शांतपणे शिरतात.

आडवे-उभे कोष्टक करणारी ‘क्रॉसटॅब’ क्वेरी ही ॲक्सेसची साहित्येतिहासाला सर्वांत उपयोगी पडलेली सोय असावी. उभ्या ओळीत प्रकाशनस्थळे, आडव्या ओळीत दशके, आतल्या घरांत संख्या. दशके किती आहेत हे क्वेरी स्वतः नोंदींवरून ठरवते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५च्या आवृत्तीपासून असे कोष्टक करता येते, पण आडवे रकाने आधी नावानिशी सांगावे लागतात. सूचीत उद्या १८३०च्या दशकातले पुस्तक नव्याने आले तर जुन्या क्वेरीत त्याला आपोआप जागा होई. नव्या रूपात ते कोणी रकाना घालेपर्यंत कोष्टकाबाहेर राहते. याशिवाय एका क्वेरीवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशा उतरंडी असतात. वरचे मडके हलवायचे तर खालचे आधी हलले पाहिजे, आणि उतरंड किती खोल आहे हे नावांवरून कळत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचा प्रश्न तारखांचा. ॲक्सेसमध्ये इसवी सन १०० पासून ९९९९ पर्यंतची तारीख ठेवता येते. एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारीख-प्रकार १ जानेवारी १७५३ पासून सुरू होतो. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी सप्टेंबर १७५२ मध्ये ज्यूलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन स्वीकारले. त्या आधीच्या तारखांचा गोंधळ नको म्हणून ही मर्यादा घातली गेली. मराठ्यांच्या इतिहासाला ती कोठे कापते ते पाहावे. पानिपत, १४ जानेवारी १७६१, आत बसते. पालखेड १७२८, वसई १७३९, थोरल्या बाजीरावांचा मृत्यू १७४०, शाहूंचा मृत्यू १७४९ हे सारे बाहेर. शिवकाळ तर संपूर्ण बाहेर. एसक्यूएल सर्व्हर २००८ मध्ये इसवी सन १ पासूनच्या तारखा घेणारे नवे प्रकार आले. पण त्याआधीच्या स्थलांतरांत जुन्या तारखांपुढे दोनच मार्ग होते: नोंद मागे ठेवणे, किंवा तारखेचा रकाना साध्या मजकुराचा करणे. दुसरा मार्ग सोपा. मात्र मजकूर झालेल्या तारखा अक्षराच्या क्रमाने लागतात, आणि ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ असे विचारणारी क्वेरी दिवसाच्या पहिल्या अंकावरून निवड करू लागते.

याहून सूक्ष्म अडचण पंचांगाची आहे. ॲक्सेस सर्वच तारखांना ग्रेगोरियन समजते. शिवराज्याभिषेकाची रूढ तारीख ६ जून १६७४ ही ज्यूलियन पंचांगातील. त्या दिवशी शनिवार होता. ॲक्सेसला ६ जून १६७४ चा वार विचारला तर ते बुधवार सांगते, कारण त्याच्या हिशेबी तो दहा दिवस आधीचा दिवस आहे. सतराव्या शतकातील सुरत-मुंबईची इंग्रजी पत्रे ज्यूलियन तारखांची आणि गोव्याची पोर्तुगीज कागदपत्रे ग्रेगोरियन तारखांची. पोर्तुगालने ते पंचांग १५८२ मध्येच स्वीकारले होते. दोन्ही साधने एका तक्त्यात घेऊन घटनाक्रम लावायचा तर इंग्रजी तारखांत १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दहा आणि पुढे अकरा दिवस मिळवावे लागतात. जाणता अभ्यासक यासाठी ॲक्सेसच्या आज्ञावलीत एक लहानसे सूत्र लिहितो आणि क्वेरीतून त्याला हाक मारतो. हे सूत्र ना तक्त्यात असते, ना क्वेरीत. ते तिसऱ्याच कप्प्यात असते. सर्व्हरला ते ठाऊक नसते. अशी क्वेरी रूपांतरित होत नाही, आणि घाईत काम उरकणारा तंत्रज्ञ ते सूत्र काढून टाकतो, क्वेरी चालू होते, यादीही दिसते. केवळ इंग्रजांचे पत्र पोर्तुगीज उत्तराच्या आधी की नंतर, एवढेच बदललेले असते.

आता लिपीकडे वळू. मराठीच्या बाबतीत प्रकरणाचा हा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड बसवलेल्या डॉस संगणकावर देवनागरी मजकूर ‘इस्की’ या संकेतात राही, आणि हा संकेत उच्चाराच्या क्रमाने चाले. भारतीय मानक म्हणून तो १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने निघाला. त्यानंतर विंडोजचे युग आले आणि मजकूर फाँटांच्या स्वाधीन झाला. श्रीलिपी, आयएसएम यांच्या फाँटांत साठवले जात ते अक्षर नव्हे, अक्षराचे चित्र; आणि तेही डोळ्यांना दिसते त्या क्रमाने. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून आधीच साठवली जाई. म्हणजे लिपीच्या संकेतांच्या दृष्टीने डॉसचा काळ पुढारलेला आणि विंडोजचा मागासलेला, असा उलटा क्रम येथे लागतो. ॲक्सेस ९७ च्या तक्त्यातील ‘किल्ला’ हा शब्द ‘क’ने सुरूच होत नव्हता. ‘क’पासूनची नावे विचारणाऱ्या क्वेरीतून ‘किल्ला’, ‘किरात’, ‘किशोर’ निसटत. हे ओळखलेला सूचीकार अटीत दोन पर्याय घाली: ‘क’ने सुरू होणारे, किंवा वेलांटी आणि ‘क’ने सुरू होणारे. क्वेरीच्या खिडकीत ही अट सहसा रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पुंजका म्हणून दिसे, कारण तेथे मराठी फाँट लागलेला नसे.

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, आणि ॲक्सेसनेही २०००च्या आवृत्तीपासून मजकूर युनिकोडमध्ये ठेवण्यास आरंभ केला. जुन्या नोंदी फाँटांतून युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक निघाले. हे परिवर्तक तक्त्यांच्या रकान्यांवर चालवले जातात. क्वेरींतील अटी मघाशी सांगितलेल्या लपलेल्या तक्त्यात असतात. त्यांच्यापर्यंत परिवर्तक पोचत नाही. नोंदी युनिकोडमध्ये, अटी जुन्या फाँटात, अशी फारकत होते आणि क्वेरी शून्य उत्तर देते. कोणी ती नव्याने ‘क’ एवढीच अट घालून लिहिली तर आता ‘किल्ला’ही सापडतो आणि आकडा पूर्वीपेक्षा मोठा येतो. पूर्वीचा छापील आकडा दोन पर्यायांच्या अटीने काढला होता की एकाच, हे सांगायला जुनी क्वेरी जागेवर असावी लागते. मोडीतून बाळबोधीत उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ लिप्यंतरकाराने ठरवलेले असते, मोडीने नव्हे, हे आपण कागदपत्रांच्या संपादनात जाणतो. येथेही निर्णय कोणाचा हे नोंदवले गेले पाहिजे.

युनिकोडमध्ये आल्यावरही प्रश्न मिटत नाही. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील ‘र’ दोन रीतींनी साठवता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना फरक नाही, यंत्राला ते दोन भिन्न शब्द. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या २००८च्या आवृत्तीत आले. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र चढवूनच ते लिहावे लागे, आणि या दोन लेखनांना युनिकोड समान मानत नाही. ज्या प्रणालीबद्दल आपण बोलत आहोत तिचे मराठी नावच या अक्षराने सुरू होते. वर्णक्रमाचेही तसेच. मराठी परंपरेत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ हे ‘ह’च्या पुढे येतात. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये भाषावार वर्णक्रम वेगळे निवडण्याची सोय मिळाली. पण ती निवड करावी लागते. शिवाय एसक्यूएल सर्व्हरच्या दृश्य-क्वेरीत क्रमाची आज्ञा मुळात टिकतच नाही. २००० च्या आवृत्तीत ‘शंभर टक्के नोंदी द्या’ अशी युक्ती करून क्रम मिळवला जाई. २००५च्या आवृत्तीने ती युक्ती मानणे सोडले, आणि छापील सूचीसाठी लावलेला अकारविल्हे क्रम विस्कटला.

एसक्यूएल सर्व्हरच्या एका सवयीचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. क्वेरीतील अवतरणचिन्हांत युनिकोड मजकूर असेल तर त्याआधी रोमन ‘एन’ हे अक्षर लिहावे लागते. ॲक्सेसमध्ये अशी प्रथा नाही. ते न लिहिल्यास सर्व्हर तो मजकूर जुन्या आठ-बिटी संकेतात बसवू पाहतो. त्या संकेतात देवनागरीला जागा नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह येते. तक्त्यात ‘पुणे’ बिनचूक पोचलेले असते; क्वेरीतील ‘पुणे’ मात्र चार प्रश्नचिन्हे होऊन त्याला शोधत फिरते. चार का, तर प, उकार, ण आणि मात्रा. रोमन मजकुरावर चाचणी घेणाऱ्या तंत्रज्ञाला हा दोष दिसणे शक्यच नसते, कारण इंग्रजी नावांची क्वेरी ‘एन’ नसतानाही बरोबर चालते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी संग्रहांना याची झळ अधिक लागते असे माझे मत आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते असोत की उत्तरेतील आणि दक्षिणेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील मराठी विभाग असोत, तेथे डेटाबेस हलवणाऱ्या माणसाला मराठी वाचता येईलच असे नाही. ‘कादंबरी’, ‘गोष्ट’ आणि ‘कल्पित कथा’ हे शब्द एका अटीत का गोळा केले आहेत, हे त्याला सांगायला त्या क्वेरीत काही नसते. त्याला ती अनावश्यक द्विरुक्ती वाटली तर त्याचा दोष नाही.

काही संस्थांनी मधला मार्ग काढला. तक्ते सर्व्हरवर न्यायचे, क्वेरी ॲक्सेसमध्येच ठेवायच्या आणि दोहोंमध्ये ओडीबीसी या दुव्याने जोड द्यायची. यात क्वेरींची बोली बदलावी लागत नाही, सूत्रे चालतात, क्रॉसटॅबही चालते. वेग कमी होतो, कारण सर्व्हरला न कळणारे सूत्र असले की ॲक्सेस नोंदी आपल्याकडे ओढून आणते आणि मग निवड करते. तरीही लहान संग्रहासाठी हा मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो. अर्थात प्रश्न जुन्याच घरात राहतात, आणि ते घर किती दिवस उभे राहील हे मालकाच्या हाती असते. ॲक्सेस ९७ ची फाइल २०१३ची आवृत्ती उघडत नाही. ती उघडून रूपांतरित करू शकणाऱ्या शेवटच्या, २०१०च्या आवृत्तीचे साहाय्य ऑक्टोबर २०२० मध्ये थांबले. लिनक्सवरील ‘एमडीबी टूल्स’ या मुक्त साधनाने जुन्या फाइलींतील तक्ते आजही वाचता येतात.

शिवाय प्रणाली तीच राहिली तरी प्रश्न सुरक्षित राहतात असे नाही. अनेक ग्रंथालयांनी स्वीकारलेल्या कोहा या मुक्त प्रणालीत ग्रंथपालाने लिहिलेले एसक्यूएल अहवाल जतन करता येतात. तिच्या १७.०५ या २०१७च्या आवृत्तीत ग्रंथनोंदींचा मूळ मजकूर एका तक्त्यातून काढून नव्या तक्त्यात ठेवण्यात आला. नोंद एकही गमावली नाही. जुन्या तक्त्यातून तो मजकूर वाचणारे जतन केलेले अहवाल मात्र त्या दिवसापासून बंद पडले.

ॲक्सेसमध्ये ‘डॉक्युमेंटर’ नावाचे एक साधन आहे. ते प्रत्येक क्वेरीचे नाव, तिचे एसक्यूएल, तिचे रकाने आणि ती शेवटी कधी बदलली हे कागदावर छापून देते. सूचीप्रकल्पांच्या अहवालाला अशी छापील क्वेरी-सूची परिशिष्ट म्हणून जोडावी, आणि प्रत्येक क्वेरीपुढे तीन गोष्टी हाताने लिहाव्यात: ती कोणत्या प्रश्नासाठी केली, तीत कोणते शब्द कोणत्या कारणाने धरले किंवा वगळले, आणि स्थलांतराच्या आदल्या दिवशी तिने किती नोंदी दिल्या. स्थलांतरानंतर तीच क्वेरी नव्या प्रणालीत चालवून येणारी संख्या त्याच ओळीत शेजारी मांडावी. दोन संख्या जुळल्या नाहीत तर कोणती खरी हे लगेच ठरवण्याची घाई करू नये. फाँटातील ‘किल्ला’प्रमाणे पुष्कळदा जुनी संख्याच अपुरी निघते, आणि तेव्हा दुरुस्त करावा लागतो तो नवा डेटाबेस नव्हे, तर पूर्वी छापलेला आकडा.